नाटकातलं नाव सुमन होतं

चपराक बसली आणि सभागृहात टाळ्या वाजल्या.

मी पडले. व्यासपीठाच्या कडेला लाकडी पायरी होती, तिच्यावर हनुवटी आपटली. दात ओठात घुसला. डाव्या कानात शिट्टी सुरू झाली, ती थांबेचना. पडलेल्या अंगाला त्यानं पायानं ढोसलं आणि वर उभा राहून काहीतरी ओरडला. त्यातलं माझ्या जातीचं नाव तेवढं ऐकू आलं. बाकीचं शिट्टीत बुडालं. परत टाळ्या.

पहिल्या रांगेत विभागप्रमुख सर होते. शेजारी पाहुणे, एक निवृत्त न्यायाधीश. सर त्यांच्याकडं झुकून काही बोलले. पाहुण्यांनी कौतुकानं मान डोलावली.

विधी विभागाचा वार्षिक कार्यक्रम होता. त्यात अभिरूप न्यायालय, म्हणजे खटल्याचं नाटक. विद्यार्थीच वकील, विद्यार्थीच आरोपी, विद्यार्थीच न्यायाधीश. विषय ॲट्रॉसिटीचा कायदा. पहिल्या प्रवेशात सुमन नावाच्या शेतमजूर बाईला ग्रामपंचायतीच्या दारात मारहाण होते. दुसऱ्या प्रवेशात खटला चालतो. सुमन मी होते. मारणारा विश्वजीत होता. त्याचा बाप साखर कारखान्याचा संचालक. विभागाच्या आवारात तो गाडी प्राध्यापकांच्या जागेत लावायचा. त्याला कुणी काही म्हणायचं नाही.

मी उठले. दुसरा प्रवेश बाकी होता. तोंडातलं रक्त गिळत मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले आणि पाठ केलेली साक्ष दिली. "मला सर्वांच्या देखत मारण्यात आलं," असं वाक्य होतं. ते म्हणताना मी सर्वांच्याकडं बघत होते. दोनशे माणसं. एकाही चेहऱ्यावर काही नाही. नाटकातल्या न्यायाधीशानं आरोपीला शिक्षा ठोठावली. परत टाळ्या. मग बक्षीस समारंभ. उत्कृष्ट अभिनयाची ढाल विश्वजीतला मिळाली. पाहुण्यांनी दिली. सर माईकवर म्हणाले, "किती जिवंत वठवलं पोरांनी!"

मी खुर्चीत बसून ओढणीनं ओठ दाबून धरला होता.

ही भूमिका मला कशी मिळाली तेही सांगते. मी कुरुंदवाडकडची. मांगवाड्यातली. बाप मी सातवीत असताना गेला. आई आठवड्याच्या बाजाराची जागा झाडते, कचरा उचलते. त्याच हातांनी तिनं मला वकिलीच्या शेवटच्या वर्षापर्यंत आणलं. सरांनी नाटकाची पात्रं वाटली तेव्हा सगळ्या वर्गासमोर माझ्याकडं बोट केलं. "सुमन तू कर. तुला अभिनय करावा लागणार नाही." वर्ग हसला. मीही हसले. हे मी लपवणार नाही. मी हसले.

सर म्हणजे साधा माणूस नव्हे. दर रविवारी वर्तमानपत्रात त्यांचं संविधानावर सदर. जिल्ह्यात काही घडलं की वाहिन्यांचे कॅमेरे आमच्या विभागाच्या पायऱ्यांवर. सर काय म्हणतात ते संध्याकाळी सगळं कोल्हापूर ऐकणार. त्यांच्या खोलीत मोठ्या चौकटीत घटनेची प्रास्ताविका. पहिल्या वर्षाच्या पोरांकडून ते ती तोंडपाठ म्हणून घेतात. मीही म्हटली होती. डोळ्यांत पाणी आणून म्हटली होती.

नाटकाची संहिता सरांनीच लिहिलेली. विश्वजीतच्या वाक्यात कंस होता. 'ए (जातिवाचक शिवी), इथं कशाला आलीस?' तालमीत तो "ए अमुकतमुक" म्हणायचा, सगळे खिदळायचे. पुढं कंसात 'मारल्याचा अभिनय'. तालमीत त्याचा हात माझ्या गालापासून वीतभर लांबून जायचा. एकदा तालीम संपल्यावर चहाच्या टपरीवर त्यानं मला विचारलं होतं, "तुझी आई काय करती गं?" मी सांगितलं. मला बरं वाटलं होतं की त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरनं कानात दिवा घालून बघितलं. "पडदा फाटलाय. कुणी मारलं?"

"नाटकात," मी म्हणाले.

त्याचं पेन थांबलं. माझ्याकडं बघितलं. मग त्यानं जे दिसलं ते लिहिलं, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. "नीट ठेवा," म्हणाला.

तो कागद घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. सर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "बोल."

"सर, विश्वजीतनं मला खरंच मारलं. मी पडलो. कानाचा पडदा..."

"पडले," सर म्हणाले.

मला कळलं नाही.

"मुलीनं 'पडले' म्हणायचं. 'पडलो' काय? कोर्टात हसतील लोक."

आमच्याकडं बायका पडलोच म्हणतात. आई म्हणते, आजूबाजूच्या सगळ्या म्हणतात. पण त्या क्षणी मला फाटलेल्या कानापेक्षा माझ्या तोंडातल्या त्या शब्दाची लाज वाटली. मी म्हणाले, "पडले, सर."

मग त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. कलम कोणतं? मी सांगितलं. त्यात आवश्यक घटक कोणते? मी सांगितले. "हेतू कुठे आहे?" सर म्हणाले. "रंगमंचावर घडलं. भूमिका तू स्वतःहून स्वीकारलीस. म्हणजे संमती." संमती हा शब्द त्यांनी वर्गात टिपणं देतात तसा सावकाश उच्चारला. "भावनेच्या भरात काही करू नकोस. पुढं एलएलएमला इथंच यायचंय ना तुला?"

मी कागद पिशवीत घातला. आभार मानले. खोटं सांगत नाही, मी त्या माणसाचे आभार मानले आणि दार हळूच ओढून घेतलं.

आठवडा गेला. फौजदारी कायद्याचा तास होता. सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला. 'अ ही विद्यार्थिनी एका नाट्यप्रयोगात स्वेच्छेने भाग घेते. ब हा सहकलाकार प्रयोगाच्या ओघात तिला प्रत्यक्ष मारतो व जातिवाचक शब्द उच्चारतो. ब याने गुन्हा केला आहे काय?'

मी तिसऱ्या बाकावर बसले होते. कानात कापूस. ओठावर खपली.

वर्गात चर्चा झाली. लय चांगली चर्चा झाली. पोरं उठून उठून बोलली. संमती, हेतू, कलास्वातंत्र्य. एक मुलगी म्हणाली, 'अ'ला प्रसिद्धी हवी असेल. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मी तिथं बसलेली असून नव्हतेच. शेवटी सरांनी हात वर करायला सांगितले. गुन्हा नाही असं किती जणांना वाटतं? हातांचं रान उभं राहिलं. माझ्या शेजारी पूनम होती. मलकापूरकडची, शेतकऱ्याघरची. राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. एका ताटात जेवायचो. तिचा हात आधी मांडीवर होता. मग अर्धा वर आला. मग पूर्ण.

"आणि 'अ'चं मत?" सरांनी माझ्याकडं बघून विचारलं. तेव्हा सगळे वळले. विश्वजीत मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, तिला ऐकू येत न्हाय." अख्खा वर्ग हसला.

मी वह्या उचलल्या आणि सरळ एसटी स्टँडवर गेले. कुरुंदवाड.

आई घरी होती. माझा कान बघितला. मी सगळं सांगितलं. कार्यक्रमाचा व्हिडिओ पूनमनं काढला होता. मीच तिला सांगितलं होतं, आईला दाखवायचाय म्हणून. तो माझ्या फोनवर आला होता, पण मी उघडला नव्हता. आईनं मागितला. आम्ही दोघी उंबऱ्यात बसलो आणि बघितला.

आईनं एकदा बघितला. मग म्हणाली, "परत लाव."

परत लावला.

"नाटकात तुजं नाव काय व्हतं?"

"सुमन."

"मग ह्यो कुणाला हाक मारतोय?"

मी फोन उजव्या कानाला लावला. आवाज स्वच्छ होता. माझं नाव. माझं आडनाव. मग तो शब्द. तो मी तक्रारीत जसाच्या तसा लिहिलाय, कायद्यानं लिहावाच लागतो. इथं पुन्हा लिहीत नाही. आणि पुढं: "तुझी आई बाजाराचा उकिरडा उपसती आणि तू काळा कोट घालून आमच्यात बसतीस व्हय?"

नाटकातली सुमन शेतमजूर होती. तिच्याकडं कुठला आलाय काळा कोट? तिची आई नाटकात नव्हतीच.

आईनं फोन माझ्या हातात दिला. "त्यानं सोंगातल्या बाईला न्हाय मारलं. तुला मारलंय. एवढी शिकलीस, तुला कळलं न्हाय व्हय गं?"

माझ्या शिक्षणावर आईनं पहिल्यांदाच बोट ठेवलं होतं, आणि तिचं बरोबर होतं. पण त्याहून मोठी गोष्ट मला त्याच उंबऱ्यात कळली. मला ऐकू आलं नव्हतं. बाकीच्या दोनशे जणांना आलं होतं. पहिल्या रांगेला तर सगळ्यात स्वच्छ. न्यायाधीशाला आलं होतं. सरांना आलं होतं. फळ्यावर 'अ' आणि 'ब' लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं की नाव कुणाचं घेतलं गेलं. ते त्यानं प्रश्नातून काढून टाकलं आणि मग वर्गाला मत विचारलं. हेतू कुठे आहे म्हणून मला विचारणारा माणूस हेतूवर स्वतः बसला होता.

मला रडू आलं नाही. हात शिवशिवायला लागले. काहीतरी फोडावंसं वाटलं. दारात पाण्याचा माठ होता, तोही फोडला असता. आई म्हणाली, "माट फोडून काय करतीस? जा. जिथं मारलंय तिथं जा."

मी परत आले तेव्हा शहरात सरांच्या व्याख्यानाचे फलक लागले होते. विषय: 'कायद्याचा गैरवापर आणि समाजस्वास्थ्य'. आमच्या विभागानंच भरवलेलं, सगळ्यांना खुलं. सभागृह गच्च. पत्रकार होते, वकील होते, नगरसेवक होते. मी मागं उभी राहिले. पूनम माझ्या मागोमाग आली होती. तिला मी बोलावलं नव्हतं.

सर छान बोलतात. त्यांनी घटना समितीपासून सुरुवात केली. मग म्हणाले, "परवा आमच्याच विभागात एक विद्यार्थिनी खोटी तक्रार करायला निघाली होती. एका नाटकातल्या प्रसंगावरून! मी तिला बसवलं, कायदा समजावला. तिनं माझे आभार मानले. एका निष्पाप मुलाचं आयुष्य वाचलं." लोक चुकचुकले.

"ती मी हाय," मी मागून ओरडले.

माना वळल्या.

"ती मी हाय. तक्रार खोटी न्हाय. नाटकातलं नाव सुमन व्हतं, त्यानं माझं नाव घेतलं, माझ्या आईला शिव्या घातल्या. सर, तुम्ही पहिल्या रांगेत व्हता. तुम्हाला काय ऐकू आलं ते सांगा."

सर हसले. "बाळ, खाली बस."

"बसत न्हाय मी. सांगा. माझं नाव घेतलं की सुमनचं?"

"शांतता राखा," सर माईकवर लोकांना म्हणाले. "हीच ती प्रवृत्ती. मी म्हणतोय ती हीच."

तेवढ्यात माझी ओढणी मागून ओढली गेली. गळ्याला फास बसला. विश्वजीत आणि त्याचे दोघं दोस्त. ओढत त्यांनी मला दाराबाहेर काढलं. दार बंद झालं. आत भाषण सुरूच राहिलं, भोंग्यातून जिन्यावर ऐकू येत होतं. जिन्याच्या तोंडाशी पहिली लाथ बसली, कमरेत. दुसरी पोटात. मी चार पायऱ्या गडगडले. त्यातला एक माझे केस धरून म्हणाला, "कोर्टात सांगनार व्हय? सांग. कोर्ट आमच्या खिशात हाय." विश्वजीतनं माझं तोंड दाबायला हात पुढं केला. त्याचा अंगठा माझ्या दातांत आला. मी चावले. सगळ्या ताकदीनं चावले, हाड लागेपर्यंत. तो गुरासारखा ओरडला. मी सोडलं नाही. डोक्यात बुक्क्या बसत होत्या, फाटक्या कानावर बसत होत्या, मी सोडलं नाही. त्याचं रक्त माझ्या तोंडात आलं. मला किळस आली नाही. आजही येत नाही.

"सोडा तिला! सगळं शूट करतोय मी!" पूनम जिन्याच्या वर उभी होती. फोन त्यांच्यावर रोखलेला, तो खाली आला नाही. "थोबाडं आल्यात तुमची सगळ्यांची!"

ते पळाले.

दुपारी दोनला आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. साडेसहापर्यंत बाकावर बसवून ठेवलं. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला गेलेत. मग साहेब आले. "कॉलेजातली भांडणं कॉलेजात मिटवा की," म्हणाले. "तुम्हीबी त्याला चावलाय. तो क्रॉस तक्रार देणार. अडकशीला."

"देऊ द्या. माझी आधी लिहा."

ठाणे अंमलदार लिहायला बसला आणि त्याचं त्याचं वाक्य लिहायला लागला, 'किरकोळ वादातून'. मी त्याचा कागद धरला. "मी सांगते तसं लिहा." एकेक वाक्य सांगितलं. दिवस, ठिकाण, कोण हजर होतं, काय शब्द वापरला, कोणत्या कानावर मारलं, कोणतं कलम. सरांचं नाव साक्षीदारांत घाला, असं मी म्हणाले. पाहुण्या न्यायाधीशांचंही. अंमलदारानं पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही वकील हाय काय?"

"होणाराय."

व्हिडिओसाठी मूळ फोन लागतो आणि ज्याचा फोन त्याची सही. पूनमचा बाप तासाभरात मलकापूरहून निघून आला होता. कुणीतरी फोन केलेला. तो ठाण्याच्या आवारातच तिच्यावर धावून गेला. "त्यांचं तेनी बघतील. तू मध्ये पडू नगंस. काढून टाक त्यातलं. उद्या तुझं लगीन कोण करंल?" त्यानं तिला दोन कानफटात दिल्या, पोलिसांच्या देखत. कुणी उठलं नाही. पूनमनं फोन टेबलावर ठेवला आणि सही केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या दिवशी वर्गात मी हात वर केलता. मला ऐकू आलतं गं सगळं. तरी केलता." तिला मिठी मारावी असं मला वाटलं नाही. मी एवढंच म्हणाले, "कोर्टात हे सांग." ती म्हणाली, "सांगतो." बाप तिला घेऊन गेला. ती परत विभागात आली नाही. परीक्षेलाही बसवलं नाही तिला घरच्यांनी. माझ्या खटल्याची किंमत तिनंही भरली, हे मला मान्य आहे, आणि ते मी सोपं करून सांगणार नाही.

पुढं सगळं जसं नेहमी होतं तसंच झालं. विभागाची बदनामी केली म्हणून मला नोटीस आली. चौकशी समिती बसली, तिचे अध्यक्ष सरांचेच विद्यार्थी. सरांनी रविवारच्या सदरात माझं नाव न घेता दोन वेळा माझ्यावर लिहिलं. विश्वजीतला अटकेच्या दुसऱ्या आठवड्यात जामीन मिळाला. अंगठ्याला टाके घातलेला हात वर करून त्यानं फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला. माझ्यावर चाव्याची केस आहे. ती मी अंगावर घेतलेली आहे. चावले का? हो, चावले.

मी परीक्षा दिली. पास झाले. सनद घेतली. डाव्या कानानं मला अजून नीट ऐकू येत नाही, म्हणून कोर्टात मी उजवा कान पुढं करून उभी राहते.

मागच्या महिन्यात विश्वजीतचे काका आईकडं गेले होते. तडजोडीचा कागद घेऊन. पोरगं चुकलं, भाऊ समजून माफ करा, दोन्ही केसी मागं घेऊ. आईनं त्यांना बसायला पाट दिला, पाणी दिलं. म्हणाली, "तिला इचारा. मार तिनं खाल्लाय." ते माझ्याकडं आले. सरांचं एक पत्रही होतं सोबत. 'समंजसपणा दाखवशील अशी अपेक्षा', असं त्यात लिहिलेलं. त्याच पत्रात सर म्हणतात की विभागात एलएलएमच्या जागा आहेत.

पत्र मी सरकारी वकिलांकडं दिलंय. साक्षीदारावर, फिर्यादीवर दबाव कसा येतो ते कोर्टानं वाचावं म्हणून. एलएलएमचा अर्ज मी भरलाय, त्याच विभागात, कुणाच्या शिफारशीशिवाय. प्रवेश नाकारला तर त्यावरही दाद मागणार. दिला तर त्यांच्या समोर बसून शिकणार, आणि ते जे जे चुकीचं शिकवतील ते ते उभी राहून विचारणार. सरांच्या नावाचं समन्स निघालंय. पुढच्या तारखेला ते आले नाहीत तर मी सरकारी वकिलांना वॉरंट मागायला लावणार. आले तर शपथेवर एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल, नाव कुणाचं घेतलं. तिथं त्यांच्याकडं फळा नसेल, माईक नसेल. माझं म्हणाले तर विश्वजीत आत जाईल. सुमनचं म्हणाले तर शपथेवर खोटं बोलल्याचा अर्ज मी लिहून तयार ठेवलाय.

तडजोडीच्या कागदावर मी सही केलेली नाही. करणार नाही.